चषक म्हणजे वंशगुण नव्हे
निवृत्त थरोब्रेड घोडा पैदाशीस योग्य की नाही, हे आपल्याकडे अजूनही त्याच्या चषकांवरून ठरते. हा निकष बाजाराच्या सोयीचा आहे, विज्ञानाच्या नव्हे. सलग १६ शर्यती जिंकलेला अमेरिकेचा ‘सिगार’ १९९६ मध्ये निवृत्त झाला आणि वंध्य निघाला! ‘सेक्रेटेरिएट’चे गुण तर मुख्यतः त्याच्या लेकींकडून नातवंडांत उतरले, ‘स्टॉर्म कॅट’ त्यांपैकीच. २००८ मधील एडिंबरा विद्यापीठातील संशोधनानुसार घोड्यांच्या आजन्म कमाईतील तफावतीपैकी जेमतेम १० टक्के जनुकीय असते. मायोस्टॅटिन चाचणीचाही डांगोरा नको. ती कोणते अंतर मानवेल एवढेच सुचवते, दर्जा नव्हे.

थरोब्रेडच्या नोंदणीत कृत्रिम रेतनास मज्जाव आहे. निवड चुकली तर घोडीचे अकरा महिने वाया जातात, आणि शिंगरू धावू लागेपर्यंत चूक उमगतही नाही. पहाडगंजपासून काही तासांवर, हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तरीही विक्रीपूर्वी वीर्यतपासणीचा अहवाल आणि निवृत्तीचे खरे कारण खरेदीदारासमोर ठेवणे बंधनकारक का नसावे? स्नायुबंध दुखावला की हाडच मुळात कच्चे होते, हे दडवून पुढल्या पिढीच्या पायांशी खेळण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला?