कूलर सर्व्हिसिंगचं काम जूनमध्ये सुरू करा

आपल्या मूलमध्ये एप्रिल लागला की जो तो कूलर दुरुस्तीचा बोर्ड लावतो. माझं मत विचाराल तर तुम्ही तो जूनमध्ये लावा.

कारण बघा, लोखंडी कूलर खराब होतो तो पावसाळ्यात. पहिला पाऊस पडला की लोक बटण बंद करतात आणि विसरून जातात. टाकीत चार बोटं पाणी, ओल्या ताट्या तशाच. पत्रा खालून सडतो, ताट्यांना बुरशी येते. पुढच्या वर्षी चालू केला की घरभर कुबट वास. शिवाय डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा ब्रशने घासाव्याच लागतात.

सुरुवातीला मीही माती खाल्ली. गंजावरच रंग मारून दिला. मे महिन्यात टाकी गळली, पैसे परत द्यावे लागले, आणि ते गिऱ्हाईक आजही माझ्याकडे येत नाही. आता आधी प्लग काढतो, टाकी वाळवतो, गंज पूर्ण घासतो, भोकं बुजवतो, मग रेड ऑक्साइड आणि तो वाळल्यावर रंग. अर्थिंग तपासल्याशिवाय कूलर परत देत नाही. पाणी आणि लोखंडी बॉडी आहे, जिवाशी खेळ नको.

रोवणी लागली की हाताखाली माणूस मिळत नाही, तेव्हा जूनचा शेवटचा पंधरवडा धरा. गिऱ्हाईक म्हणेल, "आता कशाला भाऊ, उन्हाळ्यात बघू ना." त्याला टॉर्च मारून टाकीचा तळ दाखवा.