झूम नसलेला कॅमेरा

“कॅमेरा घ्यायचाय, झूम किती असावा?” असं वर्षातून तीन-चारदा तरी मला कुणीतरी विचारतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मी काढते, एवढ्यावरून देवासच्या मराठी मंडळींनी मला जाणकार ठरवून टाकलं आहे. माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. रोजचे, घरचे फोटो काढायचे असतील तर झूम नसलेलाच घ्या, असं मी सांगते.

मुळात फोन असताना कॅमेरा हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ऐंशी लाखांच्या आत आला. भर उन्हात मांडूला जहाज महालासमोर उभं राहून फोटो काढायचा तर फोन पुरेसा आहे, उगाच पैसे घालवू नका.

पण माझं माहेर धारचं. वाडा जुना, माजघराला एकच झरोका. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भाचीनं फोनवर आईचा फोटो काढला. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचे गाल नव्या नवरीसारखे तुकतुकीत आले आणि कपाळावरचं गोंदण जवळजवळ पुसलं गेलं. सगळ्यांनी “वा, छान!” म्हटलं. आई मात्र बराच वेळ फोनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ही कोण गं?”

फोनचा यात फारसा दोष नाही. अंधुक उजेडात लहान सेन्सरला प्रकाश कमी मिळतो, चित्रात दाणे दिसू लागतात आणि आतलं सॉफ्टवेअर ते धुऊन काढतं. धुताना सुरकुत्या आणि गोंदणही जातं. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल? तसंच हे. जुन्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ × ४.५ मिलिमीटरचा असे. आज काही लहान कॅमेऱ्यांत २३.५ × १५.६ मिलिमीटरचा बसवतात, म्हणजे क्षेत्रफळ तेरा-चौदापट. एवढ्या मोठ्या सेन्सरला लांब पल्ल्याचं झूम जोडलं तर कॅमेरा पर्समध्ये मावणार नाही. म्हणून त्याला एकच, न बदलणारं भिंग देतात. मेगापिक्सेलच्या आकड्यावर तर अजिबात भुलू नका. ४ × ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला दोन मेगापिक्सेल पुरतात.

आता भिंग किती मिलिमीटरचं? खरी निवड इथे आहे. फोनचा मुख्य कॅमेरा २४ ते २८ मिलिमीटरच्या आसपास रुंद पाहतो. त्यानं जवळून चेहरा काढला की नाक मोठं दिसतं. तेव्हा पुन्हा २८ चाच कॅमेरा घेण्यात मला तरी हशील वाटत नाही. ३५ किंवा ४० घ्यावा. फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत ३५ च्या तोडीचं, एफ/२ चं भिंग आहे, डोळा लावून पाहायची खिडकीही आहे. पण २०२४ चं मॉडेल अर्धा किलोच्या वर भरतं. रिकोच्या २०२१ च्या जीआर ३एक्सचं भिंग ४० च्या तोडीचं आणि वजन सुमारे २६० ग्रॅम. खिडकी नाही, फ्लॅशही नाही. फ्लॅश नसणं मला आवडलं. समईच्या उजेडात फ्लॅश मारणं म्हणजे समई विझवणंच की!

देवासहून धारला जायचं तर इंदूरला बस बदलावी लागते. हातात डबा आणि पिशवी असते. म्हणून मी हलका घेतला. हे कॅमेरे स्वस्त नाहीत, मीही जुनाच घेतला. जुना घेताना भिंग आत-बाहेर अडखळत तर नाही ना ते पाहा, बॅटरी बाजारात मिळते का ते विचारा आणि एफ/१६ वर कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढा. त्यात काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेली आहे. आपल्याकडे गहू निघायच्या दिवसांत धुळीला तोटा नाही, तेव्हा कॅमेरा कापडी पिशवीत ठेवावा.

झूम नाही म्हणजे जवळचं हवं असेल तर उठून जवळ जायचं. १८७० च्या दशकात इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करता करता लाला दीनदयाळ फोटोग्राफी करू लागले, पुढे निजामाचे राजा दीनदयाळ झाले. त्यांनाही आपला जड कॅमेरा उचलूनच पुढे न्यावा लागे. मला दोनच पावलं टाकायची असतात. पण तेवढ्यात आई बोलायला लागते. “थांब, पदर नीट करू दे,” मग “हा खलबत्ता तुझ्या आजीचा हं.” लांबून झूम करून टिपली असती तर हे ऐकायला मिळालं नसतं.

पुढच्या वर्षी वाडा बिल्डरच्या ताब्यात जाणार आहे. माजघर आणि देवघर काढून झालं. जिना आणि परसातलं तुळशीवृंदावन राहिलं आहे. आई दुपारी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून तांदूळ निवडते. साडेतीनच्या सुमारास तिथे उजेड चांगला असतो.