शेजारच्या बांधावरचा पंप

सप्टेंबर महिन्यातली गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात एकाच सकाळी नऊ शेतांत कपाशीवर फवारणी चालू होती. पहिल्याच बांधावर थांबलो आणि विचारलं, "भाऊ, कोणती अळी दिसली?" तो म्हणाला, "अळी नाही पाहिली साहेब. पण शेजाऱ्यानं काल मारलं, मंग म्या मांगं राहू का?" शेजाऱ्याकडे गेलो. त्याला त्याच्या साडूनं सांगितलं होतं आणि साडूला दुकानदारानं. नऊ शेतांपैकी एकाही शेतात कुणी हिरवं बोंड फोडून पाहिलं नव्हतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण बैलांवरून करतो आणि लावतो माणसांना. कोणतं बियाणं घ्यायचं, कधी पेरायचं, किती वेळा फवारायचं, कोणाला शहाणा म्हणायचं आणि कोणाला आळशी, यातलं बरंचसं आपण पारावर बसून ठरवतो. आपल्याला मात्र वाटतं की ते आपण स्वतःच्या डोक्यानं ठरवलं.

यात शेतकऱ्याची अक्कल काढण्याचं कारण नाही. जरा विचार केला तर त्यामागचं गणित दिसतं. सगळ्यांबरोबर फवारणी केली आणि तरी पीक गेलं, तर दोष पावसाचा नाहीतर औषधाचा. एकट्यानं फवारणी थांबवली आणि पीक गेलं, तर दोष त्याचाच. गाव म्हणणार, "सांगितलं होतं, ऐकलं नाही." घरची माणसंही तेच म्हणणार. म्हणून पुष्कळदा फवारणी अळीच्या भीतीनं नव्हे, बोलण्याच्या भीतीनं होते. खर्च मात्र खिशातूनच जातो. शिवाय अळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि पुढच्या फवारण्या वाढतात.

हे किती महाग पडू शकतं ते २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं पाहिलं. त्या हंगामात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, दोन-तीन औषधांची मिश्रणं केलेली, अशी कारणं तेव्हा पुढे आली. पण तोंडाला फडकं न बांधता पंप पाठीवर घेणं ही कोणा एकाची चूक नव्हती. शेजारीपाजारी सगळे तसंच करत होते, म्हणून त्यात कोणाला धोका दिसला नाही. दहा जण करतात ते बरोबरच असणार, असं मन समजून घेतं.

दुसरं उदाहरण आश्रय ओळींचं. २००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते शेताच्या कडेनं लावायचं, म्हणजे बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येत नाही. किती जणांनी लावलं? बहुतेक पाकिटं बांधावर नाहीतर उकिरड्यावर गेली. "कोणीच लावत नाही, मी एकट्यानं कशाला जागा गुंतवू?" हा प्रश्न एकट्यापुरता चुकीचाही नव्हता. पण सगळ्यांनी तोच विचार केला. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि त्याच २०१७ च्या हंगामात राज्यातल्या कापसाची वाताहत झाली. त्याला फरदड आणि लांबलेला हंगाम हीसुद्धा कारणं होती, पण दुर्लक्षित आश्रय ओळींचा वाटा मोठा होता.

आता दुसरी बाजू. एकमेकांचं पाहून चांगलंही पसरतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यात दिसलं ते असं की वाणाची पहिली माहिती अनेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्याचं पीक पाहून झाला. विस्तार शिक्षणाच्या पुस्तकात आम्ही हे शिकलो. गावात आल्यावर पटलं. सोयाबीनच्या उगवण तपासणीवर मी तीन सभांत बोललो, फारसा उपयोग झाला नाही. एका शेतकऱ्यानं शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ओसरीवर ठेवले, सत्तरच्या वर कोंब मोजून दाखवले. आठवड्याभरात त्या गल्लीत घरोघरी गोणपाटं दिसू लागली. माझ्या भाषणानं झालं नाही ते शेजारच्या ओसरीनं केलं.

आता माझीच एक चूक सांगतो. नवीन गावात रुजू झालो तेव्हा चार जाणत्या मंडळींनी एका शेतकऱ्याबद्दल सांगितलं, "तो हेकट आहे, कोणाचं ऐकत नाही." मी वर्षभर त्याच्या शेतावर गेलो नाही. शिबिराच्या यादीत त्याचं नाव घातलं नाही. एकदा पावसात अडकलो म्हणून त्याच्या गोठ्यात थांबलो. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि कामगंध सापळ्यात रोज किती पतंग सापडले ते त्यावर पेन्सिलनं लिहिलेलं. तो ऐकत नव्हता हे खरं, कारण तो मोजत होता. त्या हंगामात इतरांपेक्षा त्याच्या दोन फवारण्या कमी झाल्या होत्या. लोकांना मोजून फवारा असं सांगणारा मी, माणसाबद्दलचं मत मात्र ऐकून बनवत होतो.

म्हणून शेतकरी बंधूंना विनंती एवढीच. फवारणीचा सल्ला कोणीही देवो, आधी शेतात जा. एकरातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडा. दोन बोंडांत अळी सापडली तर फवारणीची वेळ झाली. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर सावध व्हा. डोमकळ्या दिसल्या तर तोडून नष्ट करा. सल्ला देणाऱ्याला विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलं की ऐकलं?" आणि सल्ल्यानंतर त्याचा काही माल विकला जातो का, हेही ध्यानात ठेवा.

ग्रामसेवक, सरपंच आणि आमच्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही सांगणं आहे. प्रात्यक्षिकाचा प्लॉट दरवेळी विहीर-ट्रॅक्टरवाल्याच्याच शेतात नको. तो पाहून कोरडवाहू शेतकरी म्हणतो, "त्याचं काय, त्याला जमतं." दोन-तीन एकरवाल्याचं शेत निवडा, म्हणजे लोकांना ते आपलं वाटेल. बोंडं फोडायचं काम चावडीवर, सगळ्यांसमोर करा. मग फवारणी थांबवणारा एकटा पडत नाही.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपण म्हणतो. शेतीत त्यात एक भर घालावी लागेल: मधे एकदा बोंड फोडून पाहावे.