कॅम्परव्हॅनमधली वीज : प्लग घरासारखा, हिशेब वेगळा

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन कोकणात गेलो. गाडीत छोटा फ्रिज होता, त्यामुळे सासूबाईंच्या इन्सुलिनची काळजी मिटली असं वाटलं. पहिल्या रात्री समुद्राजवळ मुक्काम केला. मुलांनी इंडक्शनवर मॅगी शिजवली, नणंदेने हेअर ड्रायरने केस वाळवले, आम्ही केटलमध्ये दोनदा चहाचं पाणी उकळलं. पहाटे तीनच्या सुमारास पंखे थांबले आणि फ्रिजही. सकाळी इन्सुलिनचं न उघडलेलं पेन हाताला कोमट लागलं. डॉक्टरांना फोन केला, नवं पेन आणायला वीस किलोमीटर मागे गेलो, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

गाडीवाल्याने सांगितलं होतं, ‘‘घरासारखेच प्लग आहेत.’’ प्लग खरंच घरासारखे होते. त्यांच्यामागे किती वीज आहे, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

कोणता सॉकेट कशासाठी?

कॅम्परव्हॅनमध्ये साधारण तीन प्रकारचे सॉकेट असतात.

यूएसबी : मोबाइल, इअरफोन, छोटे दिवे यांच्यासाठी. वीज अगदी कमी लागते.

१२ व्होल्टचा गोल सॉकेट : पूर्वी गाडीत सिगारेट लायटरसाठी असायचा तोच. यावर १२ व्होल्टचा पंखा, छोटा फ्रिज, टायरमध्ये हवा भरायचा पंप चालतो. त्याचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटपर्यंतच भार झेपतो.

२३० व्होल्टचा तीन पिनांचा सॉकेट : दिसायला अगदी घरातल्यासारखा. पण गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली नसेल, तर इन्व्हर्टर बॅटरीतली १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करून इथे देतो. या बदलात थोडी वीज वायाही जाते. गाडीत फसगत होते ती याच सॉकेटमुळे.

बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी

घरात नळ उघडला की पाणी येत राहतं, गाडीत मात्र टाकी भरून निघावं लागतं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण १२०० वॅट-तास वीज मावते. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ६०० वॅट-तासच धरा. लिथियम बॅटरी असेल तर १००० च्या आसपास वापरता येतात.

खर्च काढणं सोपं आहे. उपकरणावर लिहिलेले वॅट गुणिले वापराचे तास.

* ५ वॅटचे चार एलईडी दिवे, पाच तास : १०० वॅट-तास
* २० वॅटचे दोन पंखे, आठ तास : ३२०
* चार मोबाइल एकदा चार्ज : सुमारे ६०
* ४५ वॅटचा छोटा फ्रिज, चोवीस तासांत निम्मा वेळ चालू : ५४०

बेरीज १०२०. म्हणजे एवढ्या साध्या गरजांतच एक लिथियम बॅटरी संपते. आता आमची चूक पाहा. २००० वॅटचं इंडक्शन पंधरा मिनिटं म्हणजे ५००, १२०० वॅटचा ड्रायर दहा मिनिटं म्हणजे २००, १५०० वॅटची केटल दोन वेळा मिळून दहा मिनिटं म्हणजे २५०. अवघ्या पस्तीस मिनिटांत ९५० वॅट-तास उडाले. रात्रभरासाठी फ्रिजला उरलं काय?

सोपा नियम म्हणजे, ज्यातून उष्णता निघते ते उपकरण बॅटरीवर लावू नका. केटल, इस्त्री, ड्रायर, इंडक्शन हे सगळं बाहेरची वीज मिळेल तेव्हाच.

बॅटरी भरते कशी?

गाडी चालताना अल्टरनेटरमधून, छतावरच्या सोलर पॅनलमधून आणि मुक्कामाच्या जागी बाहेरच्या प्लगमधून. २०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ६०० ते ८०० वॅट-तास देतं. पावसाळ्यात किंवा झाडाच्या सावलीत ते बरंच कमी होतं. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आहे ना, हेही पाहून घ्या. नाहीतर रात्री पंखा चालतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

बाहेरून वीज घेताना

रिसॉर्ट किंवा होमस्टेकडून वीज घेणार असाल, तर १६ अँपिअरचा मोठा प्लगपॉइंट मागा. ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर सगळी गाडी चालवू नका. अर्थिंग तपासून घ्या. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असायलाच हवा. विजेची गळती होताच तो पुरवठा तोडतो. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, कारण गुंडाळलेली वायर मोठ्या भाराने तापून वितळू शकते.

जिवाशी खेळ नको

बॅटरी संपली म्हणून एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपणं सर्वात धोकादायक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात दिसून आलं. या वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सोबत ठेवा आणि खिडकी थोडी उघडी राहू द्या. मात्र उघड्या खिडकीच्या भरवशावर जनरेटर चालू ठेवून झोपू नका.

निघण्यापूर्वी हे विचारा

* बॅटरी किती अँपिअर-तासांची? लेड-अॅसिड की लिथियम?
* इन्व्हर्टर किती वॅटचा?
* फ्रिज थेट १२ व्होल्टवर चालतो की इन्व्हर्टरवर?
* बॅटरी किती उरली हे दाखवणारा मीटर कुठे आहे?
* फ्यूज कुठे आहेत, जास्तीचे दिले आहेत का?

आता आम्ही निघतो तेव्हा चहाचं पाणी गॅसवर उकळतं, तेही गाडीबाहेर, मोकळ्या हवेत. इन्सुलिनसाठी आइसपॅकची वेगळी पिशवी असते. पेन बर्फाला थेट टेकू देत नाही, कारण गोठलेलं इन्सुलिनही निकामी होतं. आणि झोपण्यापूर्वी मीटर बघायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. त्यांनी ‘‘ठीक आहे’’ म्हटल्याशिवाय कुणीही मोबाइल चार्जिंगला लावत नाही.