धोबी पक्ष्याचें अंगण

स्थलांतर करणारे पक्षी पाहावयाचे तर दूरच्या एखाद्या सरोवरावर गेलें पाहिजे, अशी शहरवासीयांची समजूत असते. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. मुंबईसारख्या गजबजलेल्या नगरांतील सार्वजनिक बागही या प्रवाशांचें मुक्कामाचें ठिकाण होय.

पाऊस ओसरला कीं सकाळीं बागेंतील पाटाकांठीं पाहावें. लांब शेपटी सारखी खालींवर हालवीत किडे टिपणारा एक सडपातळ पक्षी दिसेल. हा करडा धोबी. वजन अवघें १८ ग्रॅमांच्या आसपास. तरी हिमालयांतून व त्याच्याही पलीकडून तो येथें येतो. पुढें पांगारा व सांवर फुलली, म्हणजे त्यांवर गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे कलकलाट करितात. त्यांचीं घरटीं मध्य आशियांत असतात.

यांस आपण पाहुणे म्हणतों. परंतु पक्ष्यांच्या पायांत कडीं घालून त्यांची ओळख ठेवण्याची जी पद्धत आहे, तिजवरून कित्येक पक्षी दर हिवाळ्यांत त्याच जागीं परततात, असें दिसून आलें आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९५९ पासून हें काम मोठ्या प्रमाणावर केलें. मग बाग जशी आपली, तशी ती त्यांचीही नव्हे काय?

असें असतां सुधारणेच्या नांवाखालीं आपण पाट बुजवितों, औषधें फवारतों व पाचोळा जाळतों. ओलाव्यांत व पाचोळ्यांत किडे, आणि किड्यांवर पक्षी; ही सांखळी तुटली, म्हणजे शेंकडों कोस उडून आलेल्या जीवास उपाशी राहावें लागतें. डासांची भीति कोणी घालतील. पण बहुतेक डास सांचलेल्या पाण्यांत वाढतात, वेगानें वाहत्या पाटांत नव्हे. बागेचा एक कोपरा तरी झाडूवांचून ठेवावा, एवढीच आमची विनंति.

विद्यार्थिमित्रांनीं हातांतील गलोल टाकून वही घ्यावी. सालिम अली (१८९६–१९८७) यांनींही लहानपणीं बंदुकीनें एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली होती. ती कोणती, हें विचारावयास ते याच सोसायटींत गेले आणि जन्मभर पक्ष्यांचेच झाले. पहिला धोबी कोणत्या दिवशीं दिसला, हें दरवर्षीं लिहावें. पालकांनींही मुलांसवें अर्धा तास स्वस्थ बसावें. एखाद्या वर्षीं धोबी आला नाहीं, तर ती वही तें सांगेल. आणि तो कां आला नाहीं, याचें उत्तर आपणांसच द्यावें लागेल.