विश्लेषण : साखर कारखान्यांनी बाजाराकडे पाहायचे की दिल्लीकडे?

७ डिसेंबर २०२३. महाराष्ट्रात ऊसगाळप सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. त्या दिवशी केंद्र सरकारने उसाचा रस आणि पाकापासून इथेनॉल तयार करण्यास मनाई केली. कर्ज काढून आसवनी प्रकल्प उभारलेल्या कारखान्यांचे गणित एका आदेशाने कोलमडले. १५ डिसेंबरला १७ लाख टन साखरेची मर्यादा घालून परवानगी परत मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील हंगामासाठी बंधनेच उठवण्यात आली. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घ्या, असे कारखान्यांना नेहमी सांगितले जाते. नऊ महिन्यांत तीन आदेश निघत असतील तर जुळवून घ्यायचे नेमके कशाशी?

कारखान्याच्या हातात काय असते?

फारसे काही नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र ठरवते. २०१८-१९ मध्ये तो १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होता, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये आहे. ही रक्कम ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढचे सहा हंगाम तिथेच राहिला. बाजारभाव बहुतेक वेळा त्याहून वर असतो हे खरे, पण भाव पडले की हाच काय तो आधार. किती साखर कोणत्या महिन्यात विकायची, याचाही कोटा येतो. २०१३ मध्ये ही पद्धत बंद झाली होती, २०१८ मध्ये ती परतली. निर्यातीचे तेच. २०२१-२२ मध्ये १०० लाख टनांहून अधिक साखर परदेशी गेली आणि २०२३-२४ मध्ये दार बंद. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला याहून जास्त मोकळीक असते.

इथेनॉलकडे वळणे चुकले का?

नाही. २०१७-१८ मध्ये साखर अतोनात झाली, भाव कोसळले, उसाची बिले थकली. त्याच वर्षी जैवइंधन धोरणाने रसापासून इथेनॉलचा मार्ग खुला केला आणि आसवनीच्या कर्जावर व्याज सवलत दिली : ६ टक्के किंवा बँकेच्या व्याजाच्या निम्मे, यातील जे कमी असेल ते. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते आणि तिच्या तारणावरील व्याज वाढत जाते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून त्यामानाने लवकर येतात आणि त्यातून शेतकऱ्याचे बिल भागते. पेट्रोलमधील मिश्रण २०१३-१४ मध्ये दीड टक्का होते. २० टक्क्यांचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते, ते २०२५ मध्येच गाठले गेले. संस्थेने काळ ओळखून बदलायचे असते ते असेच.

अडचण अशी की नवा ग्राहकही सरकारच्याच घरातला निघाला. खरेदी प्रामुख्याने सरकारी तेल कंपन्यांची, दर केंद्रीय मंत्रिमंडळाचा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ठरला, साखर कमी पडण्याची धास्ती वाढली, लोकसभा निवडणूकही तोंडावर होती. ग्राहकाच्या साखरेची काळजी सरकारने करू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण तोडणी सुरू झाल्यावर नियम बदलणे याला धोरण म्हणता येत नाही.

आता मक्याचे काय?

२०२३-२४ मध्ये धान्यापासूनच्या इथेनॉलने उसाला मागे टाकले. रसाच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये, असा दरातला फरक. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या आसवन्या मक्यावरही चालाव्यात यासाठी व्याज सवलतीची योजना आणली. गाळप संपल्यावर बंद पडणारा प्रकल्प उरलेले महिने चालेल, हा फायदा खराच. पण त्यासाठी पुन्हा कर्ज, पुन्हा दिल्लीने ठरवलेला दर. आणि सभासद ऊस पिकवतो, मका नव्हे.

झळ शेवटी कोणाला?

कारखानदारही नुसते सोसणारे नाहीत. वरून आलेला ताण त्यांनी खाली ढकलला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली तेव्हा बहुतेक संचालक मंडळांनी ती मुकाट स्वीकारली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ज्याच्याकडे थांबण्याची ताकद सर्वात कमी त्यालाच थांबायला लावणे, यात व्यवस्थापनाचे कौशल्य कोणते? शिष्टमंडळे दिल्लीला जातात, किमान दर वाढवून मागतात. तेवढीच धावपळ ठिबकसाठी, उतारा वाढवणाऱ्या बेण्यासाठी, मराठवाड्यात पाण्याच्या हिशेबाने ऊसक्षेत्र ठरवण्यासाठी दिसत नाही. वास्तविक एवढे तरी कारखान्याच्या हातात आहे, आणि पावसाकडे शिष्टमंडळ नेता येत नाही.

केंद्राकडून किमान एक अपेक्षा रास्त आहे : रस, मळी, निर्यात यांचे प्रमाण निदान पिकाच्या मुदतीइतके तरी आधी जाहीर व्हावे. आडसाली ऊस तयार व्हायला १६ ते १८ महिने लागतात. जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये लावलेला ऊस त्या डिसेंबरमध्येच तोडणीला आला होता. लावला तेव्हा सरकार जास्तीत जास्त इथेनॉल करा म्हणत होते.