‘याचा उपयोग काय?’

घरातील हुशार मुलाने ‘मला शुद्ध गणितात संशोधन करायचे आहे’ असे सांगितले, तर वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘त्याचा उपयोग काय?’ या प्रश्नामागे काळजी असते. पण तो किती अपुरा आहे, हे प्रा. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांच्या कार्याकडे पाहिले की ध्यानात येते.

सहा पलटणींतील, सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौकोनात असे उभे करायचे की, कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत पलटण किंवा हुद्दा दुसऱ्यांदा येऊ नये. हे कोडे मांडणाऱ्या थोर गणिती ऑयलरचे मत होते की, ते अशक्य आहे. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दहा, चौदा, अठरा अशा मापांच्या चौकोनांबाबतही तोच तर्क मांडला. सहापुरता तो खरा ठरला. मात्र १९५९ साली राजचंद्र बोस, श्रीखंडे आणि अमेरिकी गणिती पार्कर यांनी दाखवून दिले की, सहाच्या पुढे तो सर्वत्र चुकीचा आहे. १७७ वर्षांचा समज कागद-पेन्सिल आणि चिकाटी यांच्या बळावर कोसळला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर या वार्तेची दखल घेतली.

अशाच चौकोनांचा आधार शेतीच्या प्रयोगांत घेतला जातो. जमिनीचा कस सर्वत्र सारखा नसतो. या रचनेमुळे वाणांची तुलना न्याय्य होते. परंतु ऑयलरचे कोडे सोडवताना उद्दिष्ट एकच होते, सत्य काय ते जाणणे.

श्रीखंडे १९६३ ते १९७८ या काळात मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० साली, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी किती घरांत त्यांचे नाव ठाऊक आहे?

शून्याचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. तो सांगण्याचा अधिकार टिकवायचा, तर आज वर्षानुवर्षे एकाच प्रश्नाशी झुंजणाऱ्या, कदाचित रित्या हाताने परतणाऱ्या संशोधकाला घराने धीर आणि समाजाने आधार दिला पाहिजे. पूर्वजांची कीर्ती हे आपले भांडवल खरे. पण त्यात भर घालणारे हात आपल्याच घरांतून यायचे आहेत. म्हणून त्या मुलाला पुढच्या वेळी ‘उपयोग काय?’ असे विचारण्याऐवजी ‘प्रश्न कोणता?’ असे विचारू या.